दानपत्र ते अनुदानपत्र : वाकाटकांचा विदर्भ आणि ‘पात्रते’चा इतिहास

१/
आंतरराष्ट्रीय संशोधन-अनुदानाची घोषणा झाली की प्रथम लक्ष जाते ते विषयाकडे आणि रकमेकडे. ‘पात्रता’ या शीर्षकाखालील दोन-तीन पाने रूक्ष वाटतात म्हणून घाईने उलटली जातात. कोणत्या भूमीचा इतिहास कोणत्या शहरात बसून लिहिला जाणार, याचा निर्णय मात्र पुष्कळदा त्याच पानांवर झालेला असतो. विदर्भात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. तेथे अभ्यासाचा विषय दानपत्रे हा होता आणि अभ्यासाचे साधन होते एक आधुनिक दानपत्र. हा धागा त्या दोन्हींविषयी.

२/
आरंभ पाचव्या शतकापासून करावा लागतो. वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी एक ताम्रपट दिला गेला. तो पुढे एकोणिसाव्या शतकात अचलपूरजवळच्या चम्मक या गावी शेत नांगरताना सापडला. जॉन फेथफुल फ्लीट याने १८८८ साली गुप्तकालीन लेखांच्या आपल्या संग्रहात तो प्रसिद्ध केला. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला हा लेख टाळता येत नाही.

३/
ताम्रपटाचा मजकूर असा : भोजकट राज्यातील मधुनदीच्या काठचे चर्माङ्क नावाचे गाव राजाने दान दिले. गाव राजमानाने आठ हजार भूमींचे. दान घेणारे निरनिराळ्या गोत्रांचे आणि चरणांचे एक हजार ब्राह्मण. मधुनदी म्हणजे आजची चंद्रभागा आणि चर्माङ्क म्हणजेच चम्मक, हे समीकरण बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. दीड हजार वर्षांनंतरही गावाचे नाव ओळखू यावे इतके टिकले आहे.

४/
हे दान राजाने आपण होऊन दिलेले नव्हते. शत्रुघ्नराजाचा पुत्र कोण्डराज याच्या विनंतीवरून ते दिले, असे लेखातच नमूद आहे. म्हणजे येथे देणारा राजा आहे, घेणारे ब्राह्मण आहेत आणि मध्ये प्रस्ताव मांडणारा तिसरा पक्षही आहे. लेख लिहिला गेला तेव्हा सेनापतिपदावर कोण होते तेही नोंदवलेले आहे. त्याचे नाव चित्रवर्मा. दस्तऐवज म्हणून हा ताम्रपट अत्यंत काटेकोर आहे.

५/
दानाबरोबर सवलतींची लांब यादी येते. गावाने कर द्यायचा नाही. राजाच्या सैनिकांनी व सेवकांनी गावात शिरायचे नाही. गाई-बैल, फुले, दूध, चराई, कातडी, कोळसा, मीठ यांवर राजपुरुषांनी हक्क सांगायचा नाही. विष्टी म्हणजे वेठबिगार माफ. जमिनीत पुरलेले धनही दान घेणाऱ्यांचेच. यादी उलट दिशेने वाचली की एरवीच्या गावांकडून राजसत्ता काय काय वसूल करीत होती, याचा तपशील आपोआप हाती येतो.

६/
आणि मग येते अट. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालेल. मात्र दान घेणाऱ्यांनी सप्तांग राज्याशी द्रोह करू नये. ते ब्रह्महत्या करणारे, चोर, परदारगामी किंवा राजाला विष घालणारे नसावेत. त्यांनी युद्ध करू नये. इतर गावांना उपद्रव देऊ नये. यातील काहीही घडले, किंवा घडण्यास त्यांनी संमती दिली, तर जमीन परत घेणाऱ्या राजाला चोरीचे पाप लागणार नाही.

७/
विदर्भातील या राजशासनात पात्रतेचे दोन स्तर स्पष्ट दिसतात. पहिला प्रवेशाचा : दान कोणाला मिळू शकते? दुसरा वर्तनाचा : मिळालेले दान कोणत्या परिस्थितीत परत जाते? आजच्या कोणत्याही अनुदान-करारात हीच दोन प्रकरणे असतात. एकाला ‘पात्रता’ म्हणतात, दुसऱ्याला ‘करार समाप्तीची कारणे’.

८/
आणखी एक बारकावा. लेखात हजार ब्राह्मणांचा उल्लेख आहे, पण नावे येतात एकोणपन्नास. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारलेला आहे. दानाचा लाभ कागदोपत्री एका मोठ्या समूहाला आणि नामनिर्देश मात्र मोजक्यांचा, हे या लेखाचे वास्तव आहे. संयुक्त प्रकल्पांत ज्याचे नाव करारावर असते त्याच्याच हाती निर्णय असतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही रचना परकी वाटणार नाही.

९/
या दानपत्रांवरून विसाव्या शतकात मोठा वाद झाला. रामशरण शर्मा यांनी १९६५ च्या आपल्या ‘इंडियन फ्यूडॅलिझम’ या ग्रंथात अशा भूमिदानांत सामंतशाहीची बीजे पाहिली. राजा करांवरील आणि प्रशासनावरील हक्क सोडत गेला आणि केंद्रसत्ता क्षीण झाली, अशी ती मांडणी. हरबन्स मुखिया यांनी १९८१ मध्ये भारताच्या इतिहासात सामंतशाही होती तरी का, असा मूलभूत प्रश्न उपस्थित केला. कृष्णमोहन श्रीमाळी यांनी १९८७ साली वाकाटक लेखांच्याच आधारे या प्रदेशाच्या कृषिव्यवस्थेचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

१०/
नागपूरपुरते बोलायचे तर या अभ्यासाचा पाया महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी घातला. वाकाटकांच्या कोरीव लेखांचा त्यांनी संपादिलेला खंड १९६३ साली निघाला आणि तो आजही हाताशी ठेवावा लागतो. पुढे नागपूर विद्यापीठातील अजयमित्र शास्त्री यांनी वाकाटकांच्या साधनांवर सातत्याने काम केले. परदेशी निधी येण्याच्या कितीतरी आधी या विषयाचे घर नागपूर हेच होते, ही गोष्ट पुढचा भाग वाचताना ध्यानात ठेवावी.

११/
एक कोडे मात्र बराच काळ सुटले नव्हते. चम्मकचा ताम्रपट ज्या ‘प्रवरपुरा’तून दिला गेला ते नगर कोठे होते? मिराशींचे मत वर्ध्याजवळच्या पवनारच्या बाजूने होते. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाचे हान्स बाकर यांनी वाकाटकांच्या मूर्तिशास्त्रावरील ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध केला आणि लक्ष रामटेकच्या परिसराकडे वळवले. त्याच सुमारास रामटेकजवळच्या मनसर येथे मोठे उत्खनन सुरू झाले.

१२/
मनसरचे उत्खनन जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्राने केले. दोघेही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात कारकीर्द घडवलेले. विटांचे भव्य बांधकाम, शिल्पे आणि ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेल्या मातीच्या मुद्रा तेथे मिळाल्या. हे नागार्जुनाशी निगडित बौद्ध स्थळ की प्रवरसेनाचे शिवमंदिर आणि राजनिवास, यावर मतभेद झाले. बाकर यांनी दुसरा पक्ष मांडला.

१३/
या स्थळावरील आंतरराष्ट्रीय परिसंवाद ३० जून आणि १ जुलै २००८ रोजी भरला. स्थान : ब्रिटिश म्युझियम, लंडन. मनसर नागपूरपासून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवर आहे. त्याच्या अर्थाची चर्चा सात हजारांहून अधिक किलोमीटर दूर झाली, यात कोणाचा कट नव्हता. परिसंवाद जेथे निधी, दालन आणि प्रवासखर्चाची सोय असते तेथे भरतात. पण त्यामुळेच निधी कोठे जातो हा प्रश्न इतिहासलेखनाचाही प्रश्न होतो.

१४/
आता दुसरे दानपत्र. २००७ साली युरोपीय संघाने ‘युरोपियन रिसर्च कौन्सिल’ स्थापन केली. २०१२ आणि २०१३ मध्ये तिने ‘सिनर्जी’ या नावाचे अनुदान प्रयोगादाखल जाहीर केले. दोन ते चार मुख्य संशोधकांनी मिळून अर्ज करायचा, कालावधी जास्तीत जास्त सहा वर्षे, कमाल रक्कम दीड कोटी युरो. मानव्यविद्यांच्या अभ्यासकांना एवढ्या मोठ्या रकमेचे दार क्वचितच उघडे असते.

१५/
२०१३ च्या फेरीत ४४९ अर्ज आले आणि १३ निवडले गेले. म्हणजे शंभरात तीन. त्या तेरांपैकी एक होता ‘बियॉन्ड बाउंडरीज : रिलिजन, रीजन, लँग्वेज अँड द स्टेट’, अर्थात ‘सीमांपलीकडे : धर्म, प्रदेश, भाषा आणि राज्यसंस्था’. गुप्तकाल आणि त्या काळातील आशियाचे परस्परसंबंध हा त्याचा विषय. काळ २०१४ ते २०२०. संस्था तीन : ब्रिटिश म्युझियम, ब्रिटिश लायब्ररी आणि लंडन विद्यापीठातील सोआस.

१६/
मुख्य संशोधक होते मायकेल विलिस, सॅम व्हान शाइक आणि नेथन हिल. हान्स बाकरही या प्रकल्पात सहभागी झाले. वाकाटकांचा विदर्भ प्रकल्पाच्या कक्षेत होताच. जेसन हॉक्स आणि रिझा अब्बास यांनी विदर्भातील ताम्रपटांत उल्लेखिलेल्या जागा आणि प्रत्यक्ष जमिनीवरील वसाहतींचे पुरावे एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम केले. ताम्रपट काय सांगतो आणि माती काय सांगते, हा त्या कामाचा गाभा.

१७/
हा प्रश्न महत्त्वाचा होता. शर्मांपासूनचा सारा वाद मुख्यतः लेखांच्या मजकुरावर उभा होता. दान दिलेली गावे आधीपासून नांदती होती की दानानंतर नवी शेती वाढली, हे केवळ संस्कृत मजकुरावरून ठरत नाही. त्यासाठी गावोगाव फिरून खापरे, पांढरीची टेकाडे, जुनी तळी आणि मंदिरांचे अवशेष नोंदवावे लागतात. असे काम वेळखाऊ आणि खर्चिक असते. म्हणूनच मोठ्या अनुदानाची गरज पडते.

१८/
आता या अनुदानाचा पात्रता-विभाग चम्मकच्या ताम्रपटासारखा वाचू या. मुख्य संशोधक कोणत्याही देशाचा नागरिक असू शकतो. निवडीचा निकष एकच : संशोधनाची गुणवत्ता. येथवर सारे उदार आहे. पण ‘यजमान संस्था’, म्हणजे जिच्याशी करार होतो आणि जिच्या खात्यात पैसे जमा होतात ती संस्था, युरोपीय संघाच्या सदस्य देशात किंवा सहयोगी देशात असली पाहिजे.

१९/
परिणाम लक्षात घ्यावा. नागपूरचा एखादा संशोधक व्यक्ती म्हणून पात्र. त्याचे विद्यापीठ यजमान म्हणून अपात्र. चम्मक, मनसर, नगरधन ही स्थळे विदर्भात, पण त्यांच्या अभ्यासाचे मुख्य खाते विदर्भात उघडता येत नाही. शिवाय गुणवत्तेची तपासणी पात्रतेच्या तपासणीनंतर होते. अर्ज कितीही उत्तम असला तरी पहिल्या उंबरठ्यावर अडला की त्यातील विचार कोणी वाचतच नाही.

२०/
पैसाही यजमानाकडेच मुरतो. त्या काळच्या नियमानुसार प्रत्यक्ष खर्चाच्या वीस टक्के रक्कम यजमान संस्थेला अप्रत्यक्ष खर्चापोटी मिळे. पुढे ते प्रमाण पंचवीस टक्के झाले. वीज, ग्रंथालय, कार्यालय, लेखा विभाग यांसाठी ही रक्कम. याचा अर्थ असा की एका अनुदानाने संस्था बळकट होते आणि पुढच्या अनुदानासाठी अधिक समर्थ ठरते. दान घेणाऱ्या गावाला मिळालेल्या सवलतींची येथे आठवण व्हावी.

२१/
युरोपने असे का केले, याचे उत्तर सरळ आहे. निधी युरोपच्या करदात्यांचा आणि घोषित हेतू युरोपातील संशोधन बळकट करण्याचा. राजाने दान दिले ते त्याच्या पुण्यासाठी आणि राज्यासाठी. लेखात तसे लिहिलेले आहे. देणाऱ्याचा हेतू अटींत उतरतो. त्यावर रागावण्यापेक्षा तो हेतू ओळखून अर्ज करणे, आणि आपल्याकडचा निधी कोणत्या हेतूने दिला जातो हे विचारणे, अधिक उपयोगाचे.

२२/
भारताचे स्थानही स्थिर राहिलेले नाही. युरोपीय संघ आणि भारत यांच्यात विज्ञान-तंत्रज्ञान सहकार्याचा करार २००१ मध्ये झाला. २००७ ते २०१३ च्या सातव्या आराखड्यात भारत ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य भागीदार देशां’च्या यादीत होता, म्हणून अनेक योजनांत भारतीय भागीदाराला युरोपीय निधी मिळू शके. २०१४ पासूनच्या ‘होरायझन २०२०’ मध्ये भारत, चीन, ब्राझील, रशिया आणि मेक्सिको यांचा हा आपोआप मिळणारा हक्क गेला.

२३/
त्यानंतर भारतीय भागीदाराने स्वतःचा निधी स्वतः आणावा, अशी अपेक्षा आली. दिल्लीतील जैवतंत्रज्ञान, विज्ञान-तंत्रज्ञान आणि भूविज्ञान या खात्यांनी काही निवडक विषयांत सहनिधीची व्यवस्था केली. ताम्रपट, मंदिरे आणि प्राचीन वसाहती या खात्यांच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा एका यादीतून देशाचे नाव निघाले, तर त्याचा सर्वाधिक फटका इतिहासासारख्या विषयाला बसतो.

२४/
यजमानांचीही पात्रता जाऊ शकते. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो बाहेर पडला. आधी झालेले करार पुढे चालू राहिले, म्हणून ‘बियॉन्ड बाउंडरीज’ पूर्ण झाला. पण २०२१ पासूनच्या ‘होरायझन युरोप’मध्ये ब्रिटनचे सहयोगीपण रखडले. ब्रिटनमधील विजेत्यांपुढे पर्याय दोन : अनुदानासह युरोपातील संस्थेत जा, किंवा अनुदान सोडून ब्रिटिश सरकारचा पर्यायी निधी घ्या. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटन पुन्हा सहयोगी झाला.

२५/
‘सीमांपलीकडे’ असे नाव धारण करणाऱ्या प्रकल्पाचे यजमान शहर काही वर्षे सीमेच्या बाहेर गेले, हा योगायोग बोलका आहे. त्या काळात लंडनच्या संशोधकांची विद्वत्ता तीच, ग्रंथालये तीच. बदलले ते केवळ राजकीय नकाशातील स्थान. पात्रता हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र नव्हे, हे यापेक्षा स्पष्टपणे सांगणारे उदाहरण शोधावे लागणार नाही.

२६/
आता भारताच्या बाजूचे दरवाजे. प्राचीन स्थळी उत्खनन करायचे तर १९५८ च्या कायद्याखालील आणि १९५९ च्या नियमांनुसार परवाना लागतो. परदेशी पथकाला भारतीय संस्थेचे सहकार्य आणि केंद्र सरकारच्या मंजुऱ्या आवश्यक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेण्यावर निर्बंध आहेत. वसाहतकाळात वस्तू कशा बाहेर गेल्या हे ठाऊक असणाऱ्याला या अटींचे कारण सांगावे लागत नाही.

२७/
निधीचाही स्वतंत्र कायदा आहे. परदेशी अंशदान नियमन कायदा प्रथम १९७६ साली, आणीबाणीत आला. २०१० साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली आणि २०२० मध्ये तो अधिक कडक झाला. खासगी विश्वस्त संस्थेला परदेशी विद्यापीठाकडून रक्कम घ्यायची तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या काळात किमान १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. रक्कम प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच येते.

२८/
२०२० च्या दुरुस्तीतील सर्वांत दूरगामी तरतूद अशी : मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही. भागीदारी प्रकल्पांत एक मोठी संस्था निधी घेते आणि लहान संस्थांना वाटून देते, ही जगभरची रीत आहे. येथे ती बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तालुक्याच्या गावी संग्रहालय चालवणारी लहान संस्था अशा प्रकल्पात भागीदार होणे त्यामुळे अवघड झाले.

२९/
भारताने स्वतः दिलेल्या अनुदानांतही उंबरठे आहेत. २०१८ साली मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सुरू केलेल्या ‘स्पार्क’ योजनेत परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त संशोधनाला निधी मिळतो. अट : भारतीय संस्था राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरांत किंवा नॅकच्या ‘अ’ श्रेणीत असावी, परदेशी संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेंत किंवा विषयवार दोनशेंत असावी. रामटेक वा अचलपूरच्या महाविद्यालयातील शिक्षक त्या स्थळांच्या सर्वांत जवळ असतो. नियमाला क्रमवारी दिसते, हे जवळपण दिसत नाही.

३०/
परदेशी निधीशिवायही मोठे शोध लागतात, हेही सांगितले पाहिजे. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. तेथे महाराष्ट्राचे पुरातत्त्व खाते आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन केले आणि राणी प्रभावतीगुप्तेची मातीची मुद्रा मिळाली. द्वितीय चंद्रगुप्ताची ही कन्या पतीच्या निधनानंतर राज्य चालवीत होती आणि स्वतःच्या नावाने दानपत्रे देत होती. दोन सरकारमान्य संस्था, एक परवाना आणि शिस्तबद्ध काम एवढ्यावर हे साधले.

३१/
मग तरुण अभ्यासकाला काय खुले आहे? ‘मारी क्युरी’ पोस्टडॉक्टरल अनुदानाला राष्ट्रीयत्वाची अट नाही. पीएच.डी. हवी, त्यानंतरचा संशोधन-अनुभव आठ वर्षांपेक्षा जास्त नसावा आणि अर्जाच्या अंतिम तारखेपूर्वीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांहून अधिक वास्तव्य नसावे. ही शेवटची अट नागपुरातच शिकलेल्याच्या बाजूने आहे. लंडनला किंवा लायडनला आधीच स्थायिक झालेल्याला त्याच देशासाठी ती अडवते.

३२/
ब्रिटिश लायब्ररीचा ‘एन्डेन्जर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ २००४ पासून नष्ट होऊ घातलेल्या दप्तरांच्या डिजिटल प्रती करण्यासाठी निधी देतो. त्याची एक अट नोंद घेण्याजोगी आहे : मूळ कागद देशाबाहेर जाता कामा नयेत आणि डिजिटल प्रतींचा एक संच स्थानिक संस्थेत राहिला पाहिजे. निधी सांभाळणारी एखादी संस्था पाठीशी असली की भारतातूनही अर्ज करता येतो. जुनी पोथी-दप्तरे असलेल्या घराण्यांच्या विदर्भात या मार्गाचा विचार व्हायला हवा.

३३/
सर्वांत महत्त्वाचा बदल सिनर्जी अनुदानातच झाला. २०१९ च्या फेरीपासून गटातील एक मुख्य संशोधक युरोपीय संघ आणि सहयोगी देश यांच्या बाहेरील संस्थेत असू शकतो. गटाचे नेतृत्व त्याच्याकडे जात नाही, पण करारात त्याच्या संस्थेचे नाव येते. २०१३ साली जी जागा नागपूरला मिळू शकत नव्हती, ती आज नियमाने मिळू शकते. अशा नोंदी पात्रतेच्या पानांवरच असतात आणि पाने उलटणाऱ्याच्या नजरेतून निसटतात.

३४/
म्हणून कोणतीही घोषणा वाचताना चार प्रश्न क्रमाने विचारावेत. व्यक्ती पात्र आहे का : पदवी, अनुभवाची वर्षे, वास्तव्य? संस्था पात्र आहे का : क्रमवारी, नोंदणी, हमीपत्र देणारा अधिकारी? देश पात्र आहे का : निधीसह की निधीशिवाय? आणि परवानग्या : उत्खनन, व्हिसा, परदेशी निधी? यांपैकी चौथ्याला सर्वाधिक वेळ लागतो, म्हणून त्याची तयारी सर्वांत आधी सुरू करावी. प्रस्तावाचा मसुदा नंतर लिहिला तरी चालतो.

३५/
भागीदार शोधताना आणखी एक गोष्ट करारात आधीच लिहून घ्यावी : छायाचित्रे, नकाशे आणि नोंदी कोठे राहतील, लेखक म्हणून कोणाची नावे येतील, निकाल कोणत्या भाषेत प्रसिद्ध होतील. ‘बियॉन्ड बाउंडरीज’मधून ‘सिद्धम्’ हा कोरीव लेखांचा विनामूल्य डिजिटल संग्रह उभा राहिला. नागपूरचा विद्यार्थी तो घरबसल्या उघडू शकतो. हा लाभ खरा आहे. मात्र त्याचा मजकूर वाचण्यासाठी इंग्रजी यावी लागते, आणि चम्मकच्या शेतकऱ्याला आपल्या गावाची कथा मराठीतच हवी असते.

३६/
प्रवरसेनाच्या ताम्रपटावर एक हजारांतील एकोणपन्नासांचीच नावे उरली, कारण तेवढीच कोरली गेली. विदर्भाच्या पुढच्या संशोधन-करारावर कोणाची नावे असतील, हे पुष्कळसे अर्ज करणाऱ्यांवर अवलंबून आहे. नियम लंडन, ब्रसेल्स आणि दिल्लीत लिहिले जातात; पण ते वाचून, आपल्या बाजूचे कलम शोधून, रामटेकच्या महाविद्यालयाचे नाव भागीदारांच्या रकान्यात घालण्याचे काम नागपुरात बसूनही करता येते. ते ज्या दिवशी होईल त्या दिवशी मनसरवरचा पुढचा परिसंवाद मनसरजवळ भरवण्याचा प्रस्तावही मांडता येईल.